कोटींच्या गर्दीसाठी सॉफ्टवेअर कसं रचतात: सोयाबीनच्या भावाचं उदाहरण घेऊन

नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट अधूनमधून माझ्याकडे येतात. विषय हॉस्टेलची मेस असो की रक्तपेढी, आर्किटेक्चरच्या पानावर चित्र ठरलेलं: डावीकडे मोबाइल, मध्ये लोड बॅलन्सर (गर्दी अनेक सर्व्हरांत वाटणारा), पुढे दहा-बारा मायक्रोसर्व्हिस (एकेक काम करणारे स्वतंत्र छोटे प्रोग्राम), त्यांच्या मधोमध निरोपांची ने-आण करणारं काफ्का, खाली झटपट वाचायची माहिती ठेवणारं रेडिस आणि सगळ्याला कवेत घेऊन सांभाळणारं कुबरनेटिस. "गर्दीच्या वेळी सेकंदाला किती रिक्वेस्ट येतील?" म्हणजे फोनकडून सर्व्हरला किती मागण्या येतील, असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात.

चित्र बहुतेक वेळा नेटफ्लिक्सच्या चित्राची नक्कल असते. नेटफ्लिक्सला मात्र ते काढायला बरीच वर्षं लागली. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून त्यांनी क्लाउडचा रस्ता धरला. तो प्रवास जानेवारी २०१६ मध्ये पुरा झाला. मधल्या काळातला एकेक चौकोन कुठल्या ना कुठल्या दुखण्यावरचा इलाज आहे. दुखणं नसताना औषध घेतलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

मोठ्या कंपन्यांकडून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची प्रश्न विचारण्याची क्रमवारी. या लेखात ती एकाच उदाहरणावर चालवून दाखवतो. समजा, आपल्याला मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी एक ॲप करायचं आहे. लातूरचं सोयाबीन, हिंगोली-वसमतची हळद, मानवत-सेलूचा कापूस यांचे त्या दिवशीचे भाव शेतकऱ्याला दिसावेत, आणि माल विकल्यावर मिळणारी पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, ॲपमध्ये जपून राहावी. ॲपचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, हिशोबाची पद्धत मात्र खरी.

पहिली पायरी: काय करायचं नाही ते लिहा

गूगलमध्ये मोठं काम सुरू करण्याआधी डिझाइन डॉक लिहायची रीत आहे. त्यात पार्श्वभूमी असते, उद्दिष्टं असतात, आणि "ही आपली उद्दिष्टं नाहीत" असा एक स्वतंत्र भागही असतो. ॲमेझॉनमध्ये वस्तू तयार होण्याआधीच तिची बातमी लिहितात: ग्राहकाला काय मिळालं, त्याचे प्रश्न कोणते, त्यांची उत्तरं काय. बैठकीत सहा पानांचं टिपण सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात, मग चर्चा. स्लाइडवर बाण काढून कुठलाही घोळ झाकता येतो. सलग वाक्यात लिहायला बसलं की तोच घोळ लेखकाच्या अंगावर येतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आपल्या ॲपचं टिपण दोन पानांत बसायला हवं. करायचं ते: सौदा झाल्यापासून दोन मिनिटांत भाव दिसणं, पट्टी न हरवणं, कमकुवत नेटवर्कवर पान उघडणं. करायचं नाही ते: ॲपमधून पैसे देणं-घेणं, भावाचा अंदाज सांगणं, खत-बियाण्यांची विक्री. ही दुसरी यादी लिहिताना साहेब लोक नाराज होतात, पण प्रोजेक्ट वाचतो तो तिच्यामुळेच.

टिपणाच्या शेवटी "विचारात घेतलेले दुसरे पर्याय" हा भाग हवाच. तुम्ही डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस निवडलं हे कोडवरून कळतं. मोंगो का नाकारलं ते लिहून ठेवलं नाही, तर दोन वर्षांनी येणारा नवा माणूस तोच वाद पुन्हा उकरून काढतो.

दुसरी पायरी: कागदाच्या पाठीमागचा कच्चा हिशोब

इथे घाई करू नका. बाकीची बहुतेक उत्तरं याच हिशोबातून निघतात.

समजा, हंगामात २० लाख शेतकरी ॲप वापरतात आणि प्रत्येकाकडून दिवसाला १० रिक्वेस्ट येतात. म्हणजे रोज २ कोटी. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की सरासरी निघते सेकंदाला साधारण २३१. एवढं काम एक बरा सर्व्हर आरामात करतो. पण शेतकरी काही चोवीस तास सारख्या वेगानं ॲप उघडत नाही. दुपारी सौदे निघाले की सगळ्यांची बोटं एकदम चालतात. दिवसातल्या पाव रिक्वेस्ट त्या अर्ध्या तासात आल्या असं धरा: ५० लाख भागिले १,८०० सेकंद, म्हणजे सुमारे २,७८०. सरासरीच्या बारा पट. यंत्रणा नेहमी या शिखरासाठी रचायची असते. सरासरीवर रचलेली यंत्रणा नेमकी दसरा-दिवाळीच्या आवकेत कोलमडते.

आता डेटा किती? १५० बाजार, प्रत्येकी २० शेतमाल, दिवसाला ५ वेळा भाव बदलला तर १५,००० नोंदी. एका नोंदीला २०० बाइट धरले तर दिवसाला ३ एमबी, वर्षाला जेमतेम १ जीबी. हा सगळा डेटा स्वस्तातल्या फोनच्या मेमरीतही मावतो! वाचणारे लाखो आणि माहिती चिमूटभर, असा हा प्रकार आहे. त्याला मोठा डेटाबेस लागत नाही, कॅश लागते, म्हणजे वरचेवर मागितली जाणारी माहिती हाताशी ठेवणारी जागा.

पट्ट्यांचं गणित वेगळं. रोज १ लाख पट्ट्या, प्रत्येकी २ केबी: दिवसाला २०० एमबी, वर्षाला ७३ जीबी. एकाच डेटाबेसला हे कित्येक वर्षं पेलतं. पण कुणी म्हणालं, "सोबत पट्टीचा फोटोही ठेवू", तर एका फोटोचे ३०० केबी धरून दिवसाला ३० जीबी आणि वर्षाला जवळपास ११ टीबी होतात. एका वाक्यानं साठवण दीडशे पट वाढली. म्हणून फोटो डेटाबेसमध्ये नकोतच, ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली ठेवायच्या क्लाउडवरच्या कोठारात) टाकायचे आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवायचा.

आकड्यांची भीती जावी म्हणून आणखी एक भागाकार. ऑगस्ट २०२५ मध्ये अख्ख्या देशात यूपीआयवर २,००० कोटींहून थोडे जास्त व्यवहार झाले. त्याला ३१ दिवसांच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी येते सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. शिखर अर्थातच याहून बरंच उंच असणार, आणि तिथे प्रत्येक व्यवहारात बँकांचा पैसा हलतो, त्यामुळे एकेक रिक्वेस्ट जड असते. तरीही तालुक्याच्या ॲपसाठी "आम्हाला कोटींचा स्केल लागेल" म्हणणाऱ्यानं हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

वेगाचे काही आकडेही तोंडपाठ हवेत. गूगलच्या जेफ डीन यांच्यामुळे ही यादी प्रसिद्ध झाली. मेमरीतून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद, एकाच डेटा सेंटरमध्ये दुसऱ्या मशीनपर्यंत जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, फिरत्या डिस्कवर जागा शोधायला १० मिलिसेकंद, कॅलिफोर्नियाहून नेदरलँडला जाऊन यायला १५० मिलिसेकंद. आता डिस्क बदलल्या, पण प्रमाण अजूनही उपयोगी आहे. सर्व्हर अमेरिकेत ठेवून कोड कितीही घासला, तरी परभणीच्या माणसाची वाट कमी होत नाही. क्लाउड कंपनीचं मुंबई किंवा हैदराबादचं रिजन (त्या भागातली डेटा सेंटर) निवडणं हा अर्ध्या तासाचा निर्णय महिनाभराच्या ऑप्टिमायझेशनला भारी पडतो.

तिसरी पायरी: "चांगलं चालतं" म्हणजे किती?

"सिस्टीम कधीच बंद पडू नये" ही मागणी झाली, उद्दिष्ट नव्हे. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटं, ९९.९९९ म्हणजे २६ सेकंद. एकेक नऊ वाढवायला खर्च कित्येक पट लागतो. आपल्या भावाच्या पानाला ९९.९ पुरे. गूगलच्या टीम या मुभेला बजेट मानतात: ते शिल्लक आहे तोवर नवी फीचर बिनधास्त सोडा, संपलं की नवं काम थांबवून स्थैर्याचं काम हाती घ्या. व्यवस्थापक आणि इंजिनिअर यांच्यातली रोजची हमरीतुमरी या एका आकड्यामुळे मिटते.

वेग मोजताना सरासरीवर विश्वास ठेवू नका. शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्ट किती वेळात पुऱ्या झाल्या, ते पाहा. डीन आणि त्यांचे गूगलमधले सहकारी बारोसो यांनी २०१३ मध्ये यामागचं गणित मांडलं. एका सर्व्हरच्या शंभरपैकी एका उत्तराला सेकंदाहून जास्त वेळ लागतो असं धरा. एखादं पान बनवायला अशा १०० सर्व्हरांना विचारावं लागत असेल, तर १०० पैकी ६३ लोकांना सेकंदापेक्षा जास्त थांबावं लागेल. एका सर्व्हरवर क्वचित होणारी गोष्ट शंभर सर्व्हरांवर नेहमीची होते.

चौथी पायरी: कुठली माहिती शिळी चालेल?

डेटाबेस कुठला, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे. दोन मशीनमधला संपर्क तुटला, तर जुनी का होईना माहिती दाखवायची, की "थोड्या वेळानं या" म्हणायचं? संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हा पेच मांडला, २००२ मध्ये त्याची रीतसर सिद्धता आली, आणि तेव्हापासून तो कॅप प्रमेय म्हणून मुलाखतीत विचारला जातो. उत्तर पाठ असतं, पण आपल्या टेबलांना तो प्रश्न कुणी लावत नाही.

मोठ्या कंपन्यांनी याची दोन टोकाची उत्तरं दिली आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. ॲमेझॉनच्या डायनॅमो या डेटाबेसवरच्या २००७ च्या पेपरचा हट्ट असा की गिऱ्हाईकानं टोपलीत टाकलेली वस्तू कधीही नाकारायची नाही. दोन ठिकाणी दोन वेगळ्या टोपल्या झाल्या तर नंतर एकत्र करू. त्यात काढून टाकलेली वस्तू कधीमधी परत दिसेल, ते चालेल. उलट गूगलनं २०१२ मध्ये मांडलेल्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये जगभर पसरलेल्या डेटालाही एकच नक्की क्रम लागतो. त्यासाठी डेटा सेंटरांत जीपीएस आणि आण्विक घड्याळं बसवावी लागली. टोपलीला सैल नियम चालतो, गूगलच्या जाहिरातींच्या हिशोबाला चालत नाही.

आपल्याकडे भाव ३० सेकंद शिळा असला तर बिघडत नाही, फक्त पानावर "दुपारी १:१२ चा भाव" अशी वेळ ठळक दिसायला हवी. पट्टीत मात्र एक पैसाही इकडचा तिकडे होता कामा नये. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात पडणारी रक्कम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जाईल, नाहीतर काहीच नाही) लिहा. रक्कम चुकली तर जुनी ओळ बदलू नका, दुरुस्तीची नवी ओळ लिहा. वाद झाला की कुणी, कधी, काय बदललं ते तिथेच सापडतं.

खेड्यापाड्यात रोज भेटणारी अडचण म्हणजे दुबार नोंद. मुनीमजी बटण दाबतात, नेटवर्क गोल गोल फिरत राहतं, ते पुन्हा दाबतात. पहिली रिक्वेस्ट पोचलेली असते, तिचं उत्तर परतीच्या वाटेवर हरवलेलं असतं. उपाय सोपा आहे. नोंद सुरू होतानाच फोननं दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी न जुळणारा एक क्रमांक तयार करायचा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घालायचं. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. पेमेंट कंपन्या हेच करतात. यासाठी काफ्का लागत नाही, एक रकाना लागतो.

पाचवी पायरी: एकत्र कुटुंब की वेगळ्या चुली

सुरुवात एकाच प्रोग्रामनं करा. ॲमेझॉनचं दुकान सुरुवातीची वर्षं एकाच मोठ्या प्रोग्रामवर चाललं, ट्विटरचा जन्म रेल्स या वेब फ्रेमवर्कवरच्या एकाच प्रोग्राममध्ये झाला, ऑनलाइन दुकानं चालवणारं शॉपिफाय आजही मुख्य काम एकाच कोडबेसमध्ये नीट कप्पे पाडून करतं. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याचे महिन्याचे वापरकर्ते ४५ कोटींच्या घरात होते आणि कर्मचारी साठाच्याही आत. २०२३ मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी आपली विखुरलेली यंत्रणा पुन्हा एका प्रोग्राममध्ये आणली आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरल्याचं जाहीर केलं. ती एकाच टीमची एकच यंत्रणा होती, अख्खं प्राइम व्हिडिओ नव्हे. पण "मायक्रोसर्व्हिस म्हणजे प्रगती" हा समज मोडायला तेवढं उदाहरण पुरतं.

मग मोठ्या कंपन्या तुकडे का पाडतात? मुख्य कारण माणसं. हजार इंजिनिअर एकाच कोडवर बसले की कुणाचंच काम पुढे सरकत नाही. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिच्या सिस्टीमची रचना होते. म्हणून ॲमेझॉननं आधी टीम लहान केल्या, दोन पिझ्झ्यांत जेवतील एवढ्या, आणि प्रत्येकीला आपापल्या सर्व्हिसची सगळी जबाबदारी दिली. तुमच्याकडे चार पोरं आणि बारा सर्व्हिस असतील, तर ते चार जण दिवसभर सर्व्हिसांचीच उस्तवार करत बसतील.

त्याची किंमत गणितातही दिसते. एकामागून एक विचाराव्या लागणाऱ्या दहा सर्व्हिस, प्रत्येक ९९.९ टक्के चालू असेल, तर सगळी साखळी ९९ टक्क्यांवर येते. म्हणजे महिन्याला ४३ मिनिटांऐवजी सात तासांहून जास्त बंद.

आपल्या ॲपचे कप्पे आतूनच पाडा: भाव, पट्टी, शेतकऱ्याचं खातं, सूचना. एका कप्प्यानं दुसऱ्याच्या टेबलांना थेट हात लावायचा नाही, ठरलेल्या फंक्शनमधूनच मागायचं. ही शिस्त पाळली तर उद्या सूचनांचा कप्पा वेगळा काढणं दोन आठवड्यांचं काम असेल. ती नसेल, तर वेगळा काढूनही काही उपयोग नाही.

इथे ॲमेझॉनचे संस्थापक बेझोस यांच्या २०१५ सालच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रातला एक भेद कामाला येतो: परत फिरता येणारे निर्णय आणि न येणारे. कुठली कॅश वापरायची, हा पहिला प्रकार, झटपट ठरवा. शेतकऱ्याची ओळख फोन नंबरावर ठेवायची की वेगळ्या आयडीवर, हा दुसरा. मराठवाड्यात एकाच नंबरवर तीन भावांचे सातबारे असतात आणि नंबर वर्षभरात बदलतात. तिथे दोन दिवस घाला आणि वेगळा आयडीच घ्या.

सहावी पायरी: वाचणाऱ्यांची गर्दी

भावाचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं. ते सीडीएनवर, म्हणजे वाचकाजवळच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, ३० सेकंदांसाठी ठेवलं, तर त्या जाळ्यातल्या एका केंद्रामागे आपल्या सर्व्हरवर येतात १५० पानं (दर बाजाराचं एक) भागिले ३० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ रिक्वेस्ट. केंद्रं दहा धरली तरी ५०. मघाशी २,७८० होत्या. पान २० केबीच्या आत ठेवा, म्हणजे घाटनांदूरच्या शिवारातही ते उघडेल.

एक खाच आहे. कॅशची मुदत संपते त्या क्षणी शेकडो रिक्वेस्ट एकदम डेटाबेसवर धाव घेतात. फेसबुकनं २०१३ मध्ये आपल्या मेमकॅश या कॅशबद्दल लिहिताना यावरचा तोडगा सांगितला: एकालाच नवी प्रत आणायचा परवाना द्यायचा, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं किंवा जुनी प्रत घ्यायची. आज बहुतेक सीडीएनमध्ये ही सोय एका सेटिंगनं मिळते.

आपण स्वतःच ओढवून घेतलेली गर्दी जास्त घातक. "सोयाबीन वाढलं!" अशी सूचना २० लाख फोनवर एकदम गेली आणि पाचातल्या एकानं दोन मिनिटांत ॲप उघडलं, तर सेकंदाला ३,३३३ रिक्वेस्ट. तीच सूचना दहा मिनिटांत विभागून पाठवली, तर शिखर ६६७ च्या आसपास येतं. सर्व्हर एकही वाढवला नाही!

सर्व्हर आपोआप वाढवणारी सोय इथे फारशी कामाला येत नाही, कारण नवा सर्व्हर उभा राहीपर्यंत काही मिनिटं जातात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. अशा सामन्यांना त्यांची टीम क्षमता आधीच वाढवून ठेवते. २०१९ च्या उपांत्य सामन्याबद्दल त्यांच्या इंजिनिअरांनी सांगितलेली गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. धोनी बाद झाला आणि लोक भराभर व्हिडिओ सोडून निघाले. व्हिडिओवरचा भार उतरला, पण बॅक बटण दाबल्यावर प्रत्येकजण होम पेजवर येतो, म्हणून भार तिकडे उसळतो. गर्दी येताना कुठून येते हे सगळे मोजतात. जाताना कुठल्या दारानं जाते, तेही मोजा.

सातवी पायरी: क्यू आणि शार्डिंग, थोडक्यात

शेतकऱ्याला लगेच उत्तर नको असलेलं काम, उदाहरणार्थ एसएमएस, पट्टीची पीडीएफ, फोटो लहान करणं, हे क्यूमध्ये, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेत, टाका. पोस्टग्रेसमधलं एक टेबलही क्यू म्हणून बराच काळ पुरतं.

शार्डिंग, म्हणजे डेटाचे तुकडे करून ते अनेक मशीनवर वाटणं, आज करू नका, पण वाटणी कशावरून करायची ती किल्ली आज ठरवा. जिल्ह्यानुसार वाटणी करायचा मोह होतो; मग सोयाबीनच्या हंगामात लातूरचा शार्ड तापतो आणि बाकीचे झोपा काढतात. शेतकरी आयडीनुसार वाटलं तर भार सारखा पसरतो. इन्स्टाग्रामनं सुरुवातीलाच पोस्टग्रेसवर हजारो कल्पित शार्ड पाडून ते थोड्याच मशीनवर ठेवले होते. वाढ झाली की कल्पित शार्ड उचलून नव्या मशीनवर न्यायचा, कोडला हात लावायचा नाही. ही युक्ती लक्षात ठेवा.

आठवी पायरी: बिघडणार हे धरूनच चाला

हजारो मशीन असतील तर रोज कुठलं तरी मरणारच. नेटफ्लिक्सनं तर भर कामाच्या वेळेत मुद्दाम सर्व्हर बंद पाडणारा केऑस मंकी नावाचा प्रोग्राम सोडला. तेवढं धाडस नको, पण पुढच्या गोष्टी कोडमध्ये हव्याच.

टाइमआउट: दुसऱ्या कुणाला विचारताना किती थांबायचं, ते प्रत्येक ठिकाणी लिहा. अनेक लायब्ररींमध्ये ही मुदत मुळात ठरलेलीच नसते. एसएमएसवाल्याचा सर्व्हर अडकला, की आपले सगळे थ्रेड (सर्व्हरमधले काम करणारे हात) त्याच्या दारात उभे राहतात आणि एसएमएसशी संबंध नसलेलं भावाचं पानही बंद पडतं.

रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न: एका रिक्वेस्टच्या वाटेत तीन थर असतील आणि प्रत्येकानं तीनदा प्रयत्न केला, तर सर्वांत खालच्या डेटाबेसवर २७ धडका बसतात. आजारी पडलेल्या डेटाबेसला यानं पुरतं झोपवलं जातं. म्हणून रिट्राय एकाच थरात ठेवा, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी परत येणार नाहीत.

भार कमी करणं: क्षमतेपेक्षा जास्त मागणी आली तर काय सोडायचं, ते शांत डोक्यानं आधी ठरवा. जायकवाडीत पाणी कमी असलं की पिण्याचं आधी राखून ठेवतात आणि बाकीच्या पाळ्यांचं नंतर बघतात, तसंच हे. आपल्याकडे पट्टीची नोंद सर्वांत वर, मग आजचा भाव, मग मागच्या महिन्याचा आलेख, सर्वांत शेवटी फोटो. प्रत्येकाला एक बंद करायचं बटण द्या आणि ते बटण खरंच चालतं का, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा.

आणि सावरण्याची साधनं बिघडलेल्या गोष्टीवरच उभी नसावीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद होते. देखभालीच्या एका आदेशानं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं आणि त्यापाठोपाठ त्यांची डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणाही इंटरनेटवरून दिसेनाशी झाली. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर होती, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. तुमचा बॅकअप आणि सर्व्हर एकाच खात्यात, एकाच पासवर्डखाली आहेत का, ते आजच तपासा.

नववी पायरी: सोडणं आणि पाहणं

नवं व्हर्जन आधी एका सर्व्हरवर, मग ५ टक्के लोकांना, मग सगळ्यांना. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर एकदम गेलं आणि ८५ लाख विंडोज मशीन आडव्या झाल्या. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. टेबलात बदल करताना आधी नवा रकाना वाढवा, काही दिवस दोन्हीकडे लिहा, जुना डेटा हलवा, आणि सगळं स्थिरावल्यावरच जुना रकाना काढा. रोलबॅक करता (जुन्या व्हर्जनवर परत जाता) येत नसेल तर ते डिप्लॉय संध्याकाळी करू नका.

चार गोष्टींचा आलेख भिंतीवर लावा: किती रिक्वेस्ट, किती चुकल्या, शंभरातल्या नव्याण्णवांना किती वेळ लागला, आणि मशीन किती भरलंय. त्यात आपल्या कामाचा एक आकडा जोडा: गेल्या पाच मिनिटांत किती बाजारांचे भाव आले. सर्व्हर ठणठणीत असतात, पण लातूरचा भाव सकाळपासून बदललेला नसतो, ही तक्रार सीपीयूच्या आलेखात कधीच दिसत नाही.

बिघाड झाल्यावर लिहायचं टिपण नाव न घेता लिहा. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेत एका आदेशात चुकीची माहिती टाकली गेल्यानं हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि काही तास अर्धं इंटरनेट लंगडलं. कंपनीनं जाहीर केलेल्या खुलाशात त्या माणसाचं नाव नाही. उपाय साधनात केला: सर्व्हर सावकाशच काढता येतील, आणि ठरावीक संख्येखाली काढताच येणार नाहीत. टिपणात प्रत्येक दुरुस्तीपुढे करणाऱ्याचं नाव आणि तारीख मात्र हवी, नाहीतर ते फाइलला लागतं.

सोयाबीनची आवक दसऱ्याच्या आसपास चढते, म्हणून लोड टेस्ट श्रावणातच उरका. शिखराच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला साडेपाच हजार रिक्वेस्ट अर्धा तास सोडा आणि त्याच वेळी एक रेप्लिका (डेटाबेसची चालू प्रत) बंद करून पाहा. त्याआधी टेस्टच्या डेटाबेसमधले फोन नंबर पुसा आणि एसएमएसची किल्ली काढून घ्या. नाहीतर रात्री दोन वाजता २० लाख शेतकऱ्यांच्या फोनवर "लातूर: सोयाबीन ९९,९९९ रुपये क्विंटल" असा मेसेज जाईल, आणि सकाळी बाजार समितीच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असेल.